'आय बेग टू स्टेट' कशासाठी? रोजच्या इंग्रजी लिखाणाबद्दल

नांदेडला रविवारी सकाळची वंदना झाली की विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही काही जण बसतो. दोन शिक्षक, एक वकील, बँकेतून निवृत्त झालेले एक काका आणि बाकी शिकणारी मुले-मुली. काम एकच. कोणी शिष्यवृत्तीचा ईमेल घेऊन येतो, कोणी नोकरीचा अर्ज, कोणी दिल्लीच्या आयोगाला पाठवायचे निवेदन. ते मोठ्याने वाचायचे आणि सगळ्यांनी मिळून नीट करायचे. लातूरचे काही कार्यकर्ते फोनवर मजकूर पाठवतात, तोही याच बैठकीत वाचला जातो.

इतके कागद पाहिल्यावर आमचे एक मत झाले आहे. आपल्या मुलांना इंग्रजी येत नाही, हे खरे नाही. चुका ठरावीक आहेत, पंधरा-वीसच असतील, आणि त्यातल्या बहुतेक मराठीच्या वळणातून येतात. त्या एकदा ओळखता आल्या की निम्मे काम होते. उरलेले निम्मे काम व्याकरणाचे नाही. ते शब्द कोणता निवडला आणि सूर कोणता लावला याचे आहे. तिथे मात्र आपले बरेच नुकसान होते. म्हणून हा लेख.

उदाहरणे आम्ही देवनागरीतच देतो. मोठ्याने वाचा. चूक डोळ्याआधी कानाला कळते.

आधी एक प्रश्न: इंग्रजीत लिहायचेच कशाला?

पुष्कळदा गरज नसते. माहिती अधिकाराचा अर्ज मराठीत चालतो. 2005 च्या कायद्याच्या कलम 6 मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा असे स्पष्ट म्हटले आहे. माहिती कशासाठी हवी याचे कारणही द्यावे लागत नाही. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण 150 शब्दांत बसणारा हवा, शुल्क 10 रुपये. तरीही आमच्याकडे तीन पानी इंग्रजी अर्ज येतात. पहिल्या पानावर माहिती अधिकाराचे महत्त्व, दुसऱ्यावर संविधानाचे, आणि नेमकी कोणती कागदपत्रे हवीत ते तिसऱ्या पानाच्या तळाशी.

पोलीस ठाण्यातली फिर्यादही मराठीतच द्या. ती लिहून झाल्यावर वाचून दाखवणे पोलिसांवर बंधनकारक आहे आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. आपल्याला जे शब्दाशब्दाने कळते त्याच भाषेत सही करावी.

बाबासाहेबांनी हा निवाडा फार लवकर केला होता. 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे त्यांनी निवेदन दिले ते इंग्रजीत, कारण ऐकणारे सरकार होते. 1920 च्या जानेवारीत 'मूकनायक' काढले ते मराठीत, कारण वाचणारा आपला माणूस होता. भाषा वाचणाऱ्यावरून ठरते, लिहिणाऱ्याच्या हौसेवरून नाही.

इंग्रजी लागते ती काही ठरावीक ठिकाणी. परदेशातल्या विद्यापीठाला, दिल्लीतल्या मंत्रालयाला, राज्याबाहेरच्या कंपनीला, इंग्रजी वर्तमानपत्राच्या संपादकाला. आणि उच्च न्यायालयात. संविधानाच्या अनुच्छेद 348 नुसार तिथले कामकाज इंग्रजीत चालते. नांदेड-लातूरचे प्रकरण औरंगाबाद खंडपीठात गेले की आपली मराठी फिर्याद भाषांतर होऊनच न्यायाधीशांसमोर येते. मराठीत जे मोघम राहिले ते इंग्रजीत दुप्पट मोघम होते.

हुजूर, मायबाप आणि 'आय बेग'

मराठवाड्याची या बाबतीत वेगळी गोष्ट आहे. मुंबई-पुण्याकडे इंग्रजी शिक्षणाला दीडशे वर्षे होऊन गेली. आपला भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले तेच उर्दू माध्यमाचे. आपल्या पणजोबांना कचेरीत काही मागायचे असेल तर बाहेर बसलेल्या अर्जनवीसाला पैसे देऊन ते लिहून घ्यावे लागे. त्या अर्जात काय लिहिले आहे हे बहुतेकांना सही, म्हणजे अंगठा, करतानाही कळत नसे. एवढेच माहीत, की सुरुवातीला हुजुरांची स्तुती असते आणि शेवटी आपण पायाशी असतो.

औरंगाबादला 1950 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज सुरू झाले, पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मराठवाड्यातल्या आपल्या पहिल्या पिढीला इंग्रजी मिळाली ती मुख्यतः तिथून. म्हणजे आपली इंग्रजी दोन-तीन पिढ्यांची आहे. तिची लाज वाटण्याचे कारण नाही.

पण अर्जनवीस गेला आणि त्याचा नमुना राहिला. आज दुकानात मिळणाऱ्या पत्रलेखनाच्या पुस्तकांत तो इंग्रजीत छापलेला असतो. 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट दॅट आय ॲम अ पुअर स्टुडंट.' बेग म्हणजे भीक मागणे किंवा गयावया करणे. जुन्या सरकारी इंग्रजीत हा केवळ शिष्टाचार होता, हे आम्हाला माहीत आहे. पण आजचा इंग्रजी वाचणारा तो शब्द शिष्टाचार म्हणून वाचत नाही. एक तर हसतो, नाही तर समोरचा लाचार आहे असे समजतो. आणि शिष्यवृत्ती काही दान नाही. नियमात बसतो म्हणून मागतो.

मराठीचे वळण

आता नेमक्या चुका. सगळ्यांत जास्त त्रास देणारी आधी.

आपण मराठीत म्हणतो, 'मी फॉर्म भरला होता.' म्हणून इंग्रजीत लिहितो, 'आय हॅड सबमिटेड द फॉर्म ऑन फिफ्थ जून.' मराठीतला 'होता' नुसता झालेली गोष्ट सांगतो. इंग्रजीतला 'हॅड' तसा नाही. दोन झालेल्या गोष्टींपैकी जी आधी झाली, तिच्यासाठी तो राखून ठेवलेला असतो. 'व्हेन आय रीच्ड द ऑफिस, द क्लार्क हॅड लेफ्ट.' मी पोहोचलो त्याच्या आधी कारकून निघून गेला होता. एकच गोष्ट सांगायची असेल तर साधा भूतकाळ पुरे: 'आय सबमिटेड द फॉर्म ऑन फिफ्थ जून.'

ही चूक किरकोळ वाटते. पण हाणामारीच्या एका प्रकरणाचे इंग्रजी निवेदन आमच्याकडे आले, त्यात प्रत्येक वाक्यात 'हॅड' होता. ते आले होते, त्यांनी शिवी दिली होती, आम्ही गेलो होतो, त्यांनी दगड मारला होता. आधी कोण आले आणि दगड केव्हा मारला गेला, हे वाचणाऱ्याला कळेना. आम्ही सगळे 'हॅड' काढले, प्रत्येक वाक्यापुढे वेळ लिहिली आणि वाक्ये घडले त्या क्रमाने लावली. बाकी काही केले नाही. निवेदन उभे राहिले.

दुसरी चूक 'पासून'ची. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.' सिन्सच्या पुढे सुरुवातीचा क्षण येतो: सिन्स 2019, सिन्स जून. फॉरच्या पुढे कालावधी येतो: फॉर फाइव्ह इयर्स. आणि काम अजून चालू असेल तर 'आय हॅव बीन वर्किंग.' म्हणजे 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.'

तिसरी, विभक्तीतून आलेली. आपण एखाद्याला विनंती करतो, म्हणून 'आय रिक्वेस्ट टू यू'. एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस ऑन' किंवा 'डिस्कस अबाउट'. अटकेची मागणी करतो, म्हणून 'वी डिमांड फॉर द अरेस्ट'. इंग्रजीत ही क्रियापदे मधला शब्द घेत नाहीत. 'आय रिक्वेस्ट यू', 'वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम', 'वी डिमांड द अरेस्ट ऑफ ऑल द अक्यूज्ड'. गंमत अशी की नाम केले तर मधला शब्द परत येतो: 'अवर डिमांड फॉर द अरेस्ट'. निवेदने लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे एवढे तरी वहीत लिहून ठेवावे.

मराठीतला 'की' असाच मध्ये येतो. 'त्यांनी विचारले की तू का आलास' याचे 'ही आस्क्ड मी दॅट व्हाय आय केम' होते. इथे 'दॅट' नको, 'ही आस्क्ड मी व्हाय आय हॅड कम' एवढेच. 'माझ्याकडे आहे' हे 'आय ॲम हॅविंग' नसते, 'आय हॅव' असते. 'डिड' आला की पुढचे क्रियापद मूळ रूपात जाते, 'डिड नॉट वेंट' नाही, 'डिड नॉट गो'. आणि आपला लाडका 'च'. 'आजच', 'तिथेच' म्हणताना आपण 'टुडे ओन्ली', 'देअर ओन्ली' लिहितो. इंग्रजीत ओन्लीचा अर्थ 'फक्त' असा आहे. जोर द्यायला तो चालत नाही. बहुतेक वेळा तो खोडून टाकावा.

राहिले 'अ', 'ॲन' आणि 'द'. मराठीत हे नाहीतच, त्यामुळे चुका होणारच, फार मनाला लावून घेऊ नका. एक मात्र पक्के करा. 'अ' की 'ॲन' हे अक्षरावरून ठरत नाही, उच्चारावरून ठरते. म्हणून 'अ युनिव्हर्सिटी', पण 'ॲन एफआयआर', 'ॲन आरटीआय ॲप्लिकेशन', 'ॲन एम.ए. डिग्री'. एफआयआरपुढे 'अ' लिहिलेला तर वकिलांच्या कागदातही सापडतो.

आपले शब्द आपण कसे लिहायचे

व्याकरण कोणत्याही पुस्तकात मिळेल. हा भाग मिळणार नाही, म्हणून थोडा सविस्तर.

आपलीच मुले लिहितात, 'आय बिलाँग टू अ लोअर कास्ट.' कोणी खाली ठेवले? वर-खाली हे मोजमाप ज्यांनी केले त्यांचे आहे, ते आपल्या तोंडी कशाला? गरज असेल तिथे 'शेड्यूल्ड कास्ट' लिहा, तो संविधानातला, कायद्यातला शब्द आहे. अत्याचाराबद्दल लिहायचे असेल तर 'ऑप्रेस्ड कास्ट' आणि 'डॉमिनंट कास्ट' हे शब्द आज इंग्रजी लिखाणात रुळले आहेत. 'डाउनट्रॉडन', 'बॅकवर्ड पीपल', 'अपलिफ्टमेंट' हे शब्द शक्य तर टाळा. त्यांत कोणीतरी वरून हात देतो असा वास आहे.

'निओ-बुद्धिस्ट'चा प्रश्न जरा अवघड आहे. सरकारी कागदांत 'नवबौद्ध' हा शब्द अजून दिसतो. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशात 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश झाला, त्याआधीच्या काळातली ती भाषा. आमचा नियम असा: प्रमाणपत्रावरून एखादी नोंद उतरवायची असेल तर ती तशीच्या तशी, अक्षरही न बदलता उतरवा. कारण पडताळणीत एका अक्षराने अडते. पण स्वतःबद्दल आपल्या शब्दांत लिहिताना 'बुद्धिस्ट' लिहा. धम्मदीक्षा होऊन इतकी वर्षे झाल्यावरही आपण 'नव' किती दिवस राहायचे?

1956 च्या घटनेला 'मास कन्व्हर्शन' म्हणावे की नाही, यावर आमच्या बैठकीत दोन तट आहेत. एक शिक्षक म्हणतात, शब्द चुकीचा नाही, जगभर तोच समजतो. वकील म्हणतात, 'कन्व्हर्शन'मध्ये कोणीतरी कोणाला बदलले असा अर्थ निघतो, इथे तर लोकांनी स्वतः निर्णय घेतला. म्हणून ते 'एम्ब्रेस्ड बुद्धिझम' लिहितात. आम्ही दोन्ही चालवून घेतो.

काही शब्दांचे भाषांतर करताना भलताच अर्थ निघतो. 'पंचशील' तसेच लिहिले तर बाहेरच्या इंग्रजी वाचकाला 1954 चा भारत-चीन करार आठवतो. तिथे 'फाइव्ह प्रिसेप्ट्स' लिहावे. 'वर्षावास' म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला तीन महिन्यांचा एका ठिकाणचा मुक्काम, हे एकदा एका वाक्यात सांगावे आणि पुढे 'वर्षावास' हाच शब्द वापरावा. 'विहार'ला 'टेंपल' म्हणू नये, विहार विहारच ठेवावा. 'एक्स्पायर्ड' हा शब्द माणसाच्या मृत्यूला आपल्याकडे सर्रास वापरतात. बाहेर तो औषधाच्या बाटलीला आणि पासपोर्टला वापरतात. 'माय फादर डाइड इन 2016' यात कोणताही अनादर नाही. 'पास्ड आउट फ्रॉम कॉलेज' असे परदेशातल्या माणसाला लिहिले तर तो विचारेल, चक्कर कशाने आली? 'ग्रॅज्युएटेड' लिहा.

शिवीचे भाषांतर करू नका

हा मुद्दा आमच्या वकील मित्राचा आहे आणि आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 च्या दुरुस्तीनंतर कलम 3(1)(आर) आणि 3(1)(एस) आहेत. पहिले, अपमान करण्याच्या हेतूने जाणीवपूर्वक केलेल्या पाणउताऱ्याबद्दल किंवा धमकीबद्दल. दुसरे, जातीवाचक शिवीबद्दल. दोन्हींत एक अट समान आहे: ही गोष्ट लोकांच्या नजरेसमोर घडलेली हवी. 2020 च्या हितेश वर्मा विरुद्ध उत्तराखंड राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, घराच्या चार भिंतींआड आणि बाहेरचे कोणी हजर नसताना झालेल्या शिवीगाळीला हे कलम लागू होत नाही असे धरले.

आता आपण आयोगाला इंग्रजीत काय लिहितो ते पाहा. 'ही ॲब्यूज्ड मी ऑन कास्ट इन व्हेरी फिल्दी लँग्वेज.' यात राग पुरेपूर आहे. पण कोणते शब्द, कुठे, कोणासमोर, हे काहीच नाही. कायद्याला जे लागते तेच नेमके गळाले.

असे लिहावे: 'ॲट अबाउट सिक्स इन द इव्हनिंग, ॲट द बस स्टॉप, ही सेड टू मी इन मराठी', आणि पुढे अवतरणात तेच मराठी शब्द, देवनागरीत, जसेच्या तसे. लाज वाटली तरी गाळू नका. त्याखाली इंग्रजी अर्थ. मग 'फोर पीपल वेअर स्टँडिंग देअर अँड हर्ड इट', आणि त्यांची नावे. शिवीचे नुसते भाषांतर केले की ती मवाळ होते. इंग्रजीत तो शब्द कुणाला लागत नाही.

दुसरी गोष्ट, पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवा. मराठीत आपल्याकडे 'म्हणे' हा छोटा आणि फार कामाचा शब्द आहे. 'त्यांनी कमान पाडली म्हणे.' ऐकणाऱ्याला लगेच कळते की सांगणारा तिथे नव्हता. इंग्रजी करताना हा 'म्हणे' हरवतो आणि उरते 'दे डिमॉलिश्ड द आर्च'. उलटतपासणीत विचारतात, तुम्ही पाहिले का? आपण गप्प. एका वाक्यामुळे खरा माणूस खोटा ठरतो. म्हणून 'आय सॉ' आणि 'आय वॉज टोल्ड बाय' ही दोन वेगळी वाक्ये आहेत हे ध्यानात असू द्या. चौथे शील आपण दर रविवारी म्हणतो, ते इथे वापरायचे.

'स्टोन्स वेअर थ्रोन ॲट द रॅली' अशी वाक्ये इंग्रजी बातम्यांत नेहमी दिसतात. दगड जणू आपोआप उडाले. कोणी मारले हे माहीत असेल तर कर्ता लिहा. माहीत नसेल तर मात्र हेच वाक्य बरोबर आहे, उगीच नाव घालू नका.

सूर

सुराच्या दोन चुका होतात आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. अधिकाऱ्याला लिहिताना आपण लोटांगण घालतो आणि निवेदन लिहिताना ओरडतो. सगळी मोठी अक्षरे, तीन-तीन उद्गारचिन्हे, प्रत्येक ओळीत 'स्ट्रिक्टेस्ट ॲक्शन' आणि 'इमिजिएटली'. मोर्चात घोषणा हवीच. पण टेबलावरचा कागद घोषणेने हलत नाही, तारखेने हलतो.

अंगुत्तर निकायात चांगल्या बोलण्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आहेत: योग्य वेळी, खरे, मृदू, उपयोगाचे आणि मैत्रीच्या भावनेने बोललेले. यातल्या 'मृदू'चा अर्थ काही जण नमते घेणे असा करतात. तसा तो नाही. बाबासाहेबांचे 1936 चे उदाहरण घ्या. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले आणि भाषणाची प्रत पाहिल्यावर काही भाग गाळण्याची विनंती केली. हा पत्रव्यवहार 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या सुरुवातीला छापलेला आहे, इंग्रजी शिकणाऱ्याने तो मुद्दाम वाचावा. बाबासाहेबांची पत्रे सभ्य आहेत, कारणे एकामागून एक दिली आहेत, कोणालाही शिवी नाही. आणि उत्तर असे की भाषणातला स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद रद्द झाली. त्यांनी भाषण स्वतःच्या खर्चाने छापले आणि पहिल्या आवृत्तीच्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. स्वल्पविरामासाठी अडून बसण्याचा अधिकार त्यांना होता, कारण तो त्यांनी विचार करून घातलेला होता. 5 डिसेंबर 1956 च्या रात्रीसुद्धा त्यांनी 'बुद्ध अँड हिज धम्म'च्या प्रास्ताविकाचे टंकलेले कागद नजरेखालून घालण्यासाठी मागून घेतले होते, हे नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवले आहे.

आपल्या पातळीवरचे उदाहरण देतो. लातूरच्या एका विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीबाबतचा ईमेल असा होता: 'रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट दॅट आय हॅड फिल्ड द स्कॉलरशिप फॉर्म बट टिल टुडे अमाउंट इज नॉट क्रेडिटेड. आय रिक्वेस्ट टू यू टू काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.'

नीडफुल म्हणजे काय करायचे? वाचणाऱ्याला ते ठरवू दिले की तो काहीच करत नाही. आम्ही केलेला मजकूर: 'डिअर सर ऑर मॅडम, आय अप्लाइड फॉर द पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप ऑन महाडीबीटी ऑन 12 ऑगस्ट. माय कॉलेज अप्रूव्ह्ड द ॲप्लिकेशन ऑन 3 सप्टेंबर. द सेकंड इन्स्टॉलमेंट हॅज नॉट रीच्ड माय अकाउंट. प्लीज टेल मी व्हाय इट इज पेंडिंग अँड बाय व्हॉट डेट इट विल बी पेड.' खाली अर्जाचा क्रमांक. विषयाच्या ओळीतही तोच क्रमांक. गरीब असल्याचा उल्लेख नाही, बेग नाही, धमकीही नाही.

परदेशी शिष्यवृत्तीसाठी लागणाऱ्या निवेदनाबद्दल थोडेसे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती असो की केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप, आधी विद्यापीठात प्रवेश लागतो आणि तिथे 'मी हे का शिकणार' हे लिहावे लागते. आमच्याकडे येणारी दहापैकी आठ निवेदने 'सिन्स माय चाइल्डहुड आय ॲम पॅशनेट' अशी सुरू होतात. औशाकडच्या एका मुलीचे बांधकाम अभियांत्रिकीचे निवेदन असेच होते. बोलता बोलता कळले की तिचे घर किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनात बांधलेले. 30 सप्टेंबर 1993 ला तिच्या आजोबांच्या घराच्या दगडमातीच्या भिंती कोसळल्या होत्या. तशा भिंती का पडतात हे तिला शिकायचे होते. हे तिने लिहिलेच नव्हते, कारण तिला वाटले, ही काय सांगायची गोष्ट आहे! आता तिची पहिली ओळ भिंतीची आहे.

मोबाईलमधल्या ग्रामर्ली किंवा चॅटजीपीटीबद्दल सगळे विचारतात. जरूर वापरा, आम्हीही वापरतो. पण 'हे नीट लिहून दे' असे सांगू नका. 'चुका दाखव आणि का चुकले ते सांग' असे सांगा. लिहून दे म्हटले की ते आपली भिंत काढून 'जर्नी' आणि 'रेझिलिअन्स' भरते. मग नांदेडचा मुलगा आणि नोएडाचा मुलगा एकसारखे वाचू लागतात. तारखा आणि नावे तर स्वतःच तपासा. सरावासाठी आमचे काका अजूनही तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला सुचवतात. मुले हसतात, पण रोज पाच वाक्ये मराठीतून इंग्रजीत आणि दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीतून परत मराठीत करण्याची ती पद्धत आम्हाला तरी दुसऱ्या कशापेक्षा जास्त लागू पडलेली दिसली.

त्या लातूरच्या विद्यार्थ्याला नऊ दिवसांनी उत्तर आले. त्याने ते रविवारी सगळ्यांना वाचून दाखवले. 'युअर रिक्वेस्ट इज अंडर प्रोसेस. नीडफुल विल बी डन.' खोलीत हसू फुटले. त्याने मात्र तिथेच बसून एका ओळीचा मेल लिहिला आणि आम्हाला न दाखवताच पाठवून दिला: 'थँक यू. बाय व्हॉट डेट?'